पाच जण, चार रात्री, दिल्ली: हॉटेलची जागा कशी ठरली

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावात राहणारं पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायको, ११ आणि ७ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांची आजी. मोठं शहर बघायला म्हणून जायची सगळ्यांची पहिलीच वेळ. डिसेंबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला होता. महिनाअखेरीला उत्तरेत धुकं उतरलं की गाड्यांच्या वेळेचा भरवसा राहत नाही. गाडी रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास हजरत निजामुद्दीनला पोचणार होती आणि परतीची गाडी गुरुवारी दुपारी तिथूनच होती. म्हणजे मुक्काम चार रात्रींचा.

बघायच्या ठिकाणांची यादी नेहमीचीच: लाल किल्ला, जामा मशीद, चांदनी चौक, इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोटस टेंपल, अक्षरधाम. आग्राही होतं, पण आजींच्या गुडघ्यांचा विचार करून ते सुरुवातीलाच काढलं. हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. चार दिवसांत आग्रा कोंबलं असतं तर पुढचं एकही गणित जुळलं नसतं.

आजी सपाट रस्त्यावर एका दमात चारशे-पाचशे मीटर चालतात, मग पाच मिनिटं टेकावं लागतं. कठडा धरून एक जिना चढतात, दुसरा नाही. दुपारी तासभर आडवं व्हावंच लागतं. दोन खोल्या हव्या होत्या आणि चार रात्रींचे मिळून ३०,००० रुपयांपर्यंत द्यायची तयारी होती.

अडचण

पहिलं बुकिंग मुलांच्या वडिलांनी केलं ते महिपालपूरला. ॲपवर ‘दिल्ली’ टाकलं, स्वस्तापासून महाग अशी यादी लावली, चारच्या वरचं रेटिंग पाहिलं. खोली २,२०० रुपये, नाश्ता धरून, फोटोत सगळं लख्ख. नशिबाने येण्याच्या तीन दिवस आधीपर्यंत रद्द करायला पैसे लागत नव्हते.

महिपालपूर हे विमानतळालगतचं, राष्ट्रीय महामार्ग ४८ ला चिकटलेलं हॉटेलांचं गाव. रात्रीचं विमान उतरलं आणि पहाटेचं दुसरं पकडायचं आहे, अशा माणसासाठी ती जागा उत्तम. हे कुटुंब रेल्वेने येणार होतं आणि यादीतलं कुतुबमिनार सोडलं तर काहीच त्या बाजूला नव्हतं. लाल किल्ला सुमारे २० किलोमीटर, अक्षरधाम त्याहून लांब. मधे धौला कुआंचा कोंडीचा चौक. संध्याकाळी तिथे अडकलेल्या गाडीत मुलं झोपतात आणि आजींचे पाय सुजतात.

मुलांच्या आईने रोजचा प्रवास कागदावर मांडायला घेतला तेव्हा अडचण दिसली, आणि ती अंतराची कमी, माणसांच्या संख्येची जास्त होती. साध्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात, रिक्षात नियमाने तीन. पाच जणांना प्रत्येक वेळी सहा आसनी गाडी तरी हवी, नाहीतर दोन रिक्षा. अनोळखी शहरात दोन रिक्षांत विभागून जायचं म्हणजे एकीत बाबा आणि मोठा मुलगा, दुसरीत आई, आजी आणि धाकटी. दोन्हींनी एकाच गेटवर सोडलं तर ठीक. ॲपवर सहा आसनी गाडीचं महिपालपूर ते लाल किल्ला भाडं त्यांना साडेसहाशेच्या आसपास दिसलं. जाऊन-येऊन १,३०० रुपये. चालत जाता येईल असं मेट्रो स्थानकही नव्हतं. एरोसिटी हे जवळचं स्थानक महामार्गाच्या पलीकडे, आणि तो महामार्ग आजींना घेऊन ओलांडण्यासारखा नाही.

पर्याय

‘मध्यवर्ती’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागलं. दिल्लीला एकच मध्य नाही. नकाशावर कॅनॉट प्लेस मधोमध दिसतं, पण यादीतली ठिकाणं उत्तर-दक्षिण पसरलेली. म्हणून प्रश्न बदलला: आपली ठिकाणं मेट्रोच्या कोणत्या मार्गावर आहेत?

कागदावर स्थानकं लिहिल्यावर चित्र स्पष्ट झालं. लाल किल्ला, जामा मशीद आणि लोटस टेंपलजवळचं कालकाजी मंदिर ही तिन्ही स्थानकं व्हायोलेट लाइनवर. इंडिया गेटसाठी याच लाइनवरचं खान मार्केट किंवा केंद्रीय सचिवालय, तिथून पुढे रिक्षा. अक्षरधाम ब्लू लाइनवर, मंडी हाउसला गाडी बदलून. कुतुबमिनार यलो लाइनवर, केंद्रीय सचिवालयला बदलून, पण स्थानकापासून मिनार दीड-दोन किलोमीटर लांब. हुमायूनच्या कबरीला मेट्रो दारात जात नाही, रिक्षा किंवा टॅक्सी करावीच लागते. थोडक्यात, व्हायोलेट लाइनवरचं हॉटेल सगळ्यात सोयीचं.

मग एकेक भाग तपासला.

पहाडगंज: नवी दिल्ली स्टेशनसमोर, स्वस्त, पण मेन बाजारच्या गल्ल्यांत गाडी दारापर्यंत येईलच असं नाही आणि स्वस्त खोल्यांना बऱ्याचदा खिडकीच नसते. यांची गाडी नवी दिल्लीला येणारही नव्हती. पाठीवर एक सॅक घेऊन फिरणाऱ्या तरुणांना चालेल. इथे बाद.

करोल बाग: ब्लू लाइन, खायला-प्यायला भरपूर, दर बजेटमधले. अक्षरधाम सरळ, बाकी सगळीकडे एक बदल. हा पर्याय बराच काळ शर्यतीत होता. इथल्या दाट वस्तीतल्या हॉटेलांबाबत एक गोष्ट विसरू नये: फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागून १७ जणांचा जीव गेला. म्हणून भाग कुठलाही असो, दुसरा जिना आहे का आणि तो उघडा असतो का, हे फोनवर विचारायचं ठरलं.

कॅनॉट प्लेस, जनपथ: जागा म्हणून पहिला नंबर. लिफ्ट, खिडकी आणि बरी स्वच्छता असलेल्या दोन खोल्यांचा दर मात्र बजेटच्या दुप्पट जात होता.

महाराष्ट्र सदन: गावातल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाने हेच सुचवलं. कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं आणि कोपर्निकस मार्गावरचं जुनं, दोन्ही जागा मोक्याच्या. पण तिथे आधी सरकारी कामाने येणाऱ्यांचा आणि लोकप्रतिनिधींचा विचार होतो. बाहेरच्या माणसाची खोली शेवटपर्यंत पक्की धरता येत नाही. ‘साहेबांचं पत्र आणतो’ म्हणणारे दोन जण निघाले. पत्राच्या भरवशावर आजींना घेऊन स्टेशनवर उतरण्यापेक्षा हा पर्याय सोडलेला बरा, असं सुनेचं मत पडलं आणि ते योग्यच होतं.

लाजपत नगर आणि जंगपुरा: व्हायोलेट लाइन दोन्हीकडे, लाजपत नगरला पिंक लाइनही. लाजपत नगरहून लाल किल्ला एकाच गाडीने दहावं स्थानक, कालकाजी मंदिर उलट दिशेला चौथं. निजामुद्दीन रेल्वे स्टेशन टॅक्सीने जवळ. वस्ती राहत्या लोकांची, त्यामुळे रात्री शांत. दर ३,००० च्या आसपास.

पैशांचा हिशोब

पैशांचा निर्णय इथे झाला, आणि अशा वेळी बहुतेक जण आकडे अर्धेच मांडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे (आधी १२ होता). ॲपवर ठळक दिसणाऱ्या दरात तो बहुधा धरलेला नसतो.

महिपालपूर: २,२०० × २ खोल्या × ४ रात्री = १७,६००, करासह १८,४८०. रोजच्या सहा आसनी गाडीचे चार दिवसांचे ५,२०० धरले तर २३,६८०.

लाजपत नगर: ३,१०० × २ × ४ = २४,८००, करासह २६,०४०. मेट्रोचं तिकीट या अंतरांना माणशी ५० रुपयांच्या आतच. पाच जणांचे जाऊन-येऊन दिवसाला ४०० धरले तर चार दिवसांचे १,६००. एकूण २७,६४०.

म्हणजे चांगल्या जागेचं हॉटेल घेतल्याने पैसे वाचले नाहीत. जवळपास ४,००० रुपये जास्तच गेले. ‘जवळ राहिलं की खर्च भरून निघतो’ हे सरसकट खरं नसतं. त्या चार हजारांत रोजचे दीड-दोन तास मिळाले आणि दुपारी खोलीवर येऊन पडायची सोय झाली. महिपालपूरहून दुपारी परत जाणं शक्यच नव्हतं. आजींची विश्रांती एखाद्या बाकावर झाली असती, मुलांची चिडचिड सगळ्यांच्या वाट्याला आली असती. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर हॉटेलच्या जागेचा खरा कस दुपारी दोन वाजता लागतो.

खोली पक्की करण्याआधीच्या गोष्टी

लाजपत नगर ठरल्यावर तिथली तीन गेस्टहाउस निवडली. तिघांनाही ॲपवरून नाही, थेट फोन केला. विचारलेले प्रश्न असे होते.

लिफ्ट आहे का, आणि ती खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? एका ठिकाणी लिफ्ट होती, पण रस्त्यापासून तिच्यापर्यंत सात पायऱ्या. वरच्या खोल्या नंतर बांधलेल्या असल्या की लिफ्ट एक मजला खाली थांबते, हेही दिल्लीत नवं नाही.

खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंद पोकळीत? ‘हो, खिडकी आहे’ या उत्तराला अर्थ नाही. खोलीतून काढलेला खिडकीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला. एकाने पाठवलाच नाही, तो तिथेच गळला.

दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी मिळतील का? गीझर दिवसभर चालतो की सकाळी ठरलेल्या वेळेतच? डिसेंबरात पाच जणांच्या आंघोळी म्हणजे हा प्रश्न किरकोळ नाही. जादा रजई मिळते का? सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं लागतात, ती मूळ चालतील की झेरॉक्सही द्यावी लागेल?

मेट्रोच्या कोणत्या गेटपासून किती चालावं लागतं? दिल्ली मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट असते, पण प्रत्येक गेटला नसते. ॲपवर ‘मेट्रोपासून ३५० मीटर’ असं लिहिलेलं अंतर बऱ्याचदा सरळ रेषेतलं असतं आणि जवळच्या गेटपर्यंतचं असतं. निवडलेल्या गेस्टहाउसपासून लिफ्टचं गेट रस्त्याच्या पलीकडे, चालत ६०० मीटर निघालं. आजींच्या मर्यादेपेक्षा जास्त. उपाय साधा होता: हॉटेल ते गेट आजी, आई आणि धाकटीने ई-रिक्षाने जायचं, बाकी दोघांनी चालत. फोनवर विचारलं नसतं तर हे पहिल्या सकाळी रस्त्यावर कळलं असतं.

परीक्षणं वाचताना एकूण रेटिंग सोडून दिलं. गेल्या तीन महिन्यांतली एक आणि दोन ताऱ्यांची तेवढी वाचली आणि त्यात ओल, गीझर, लिफ्ट, ‘बुकिंग नाकारलं’ हे शब्द शोधले. एखाद्याने चहा थंड होता म्हणून एक तारा दिला असेल तर तो सोडून द्यायचा. तीन वेगवेगळ्या माणसांनी ओलीचा वास लिहिला असेल तर भिंतीला खरंच ओल आहे.

सकाळी साडेसहाला पोचण्याचा प्रश्न

हॉटेलांची खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते आणि गाडी सकाळी येते. रात्रभर प्रवास केलेल्या आजींना पाच तास रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवायचं का? तीन वाटा होत्या. लवकर खोली मिळेल अशी आशा धरायची (फोनवर सगळेच ‘आ जाइए, देख लेंगे’ म्हणतात). स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरायचं. किंवा शनिवारच्या रात्रीपासून एक खोली घ्यायची.

त्यांनी तिसरी वाट धरली: एक खोली शनिवारपासून, दुसरी रविवारपासून. ३,२५५ रुपये जास्त गेले आणि खोल्यांचा एकूण खर्च ठरवलेल्या ३०,००० च्या काठावर आला. इथे एक फट असते. शनिवारी रात्री कोणी आलंच नाही की हॉटेल ‘पाहुणे आले नाहीत’ म्हणून बुकिंग बंद करून खोली दुसऱ्याला देऊ शकतं. म्हणून ‘शनिवारची खोली घेतली आहे, पण आम्ही रविवारी सकाळी सातला पोचू’ हे व्हॉट्सॲपवर लिहून कळवलं, लेखी होकार घेतला आणि शनिवारी संध्याकाळी गाडीतून पुन्हा फोन केला. महिपालपूरचं बुकिंग मात्र नवं पक्कं झाल्यावरच रद्द केलं. हा क्रम उलटा करू नये.

प्रत्यक्षात काय झालं

गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. सामान आणि आजी बरोबर असल्याने मेट्रोचा विचार न करता स्टेशनवरून दोन टॅक्सी केल्या. नऊच्या आत सगळे आंघोळीला लागले होते. रविवारी संध्याकाळी इंडिया गेट आणि युद्ध स्मारक झालं, गर्दीत.

सोमवार आधीच हेरून ठेवला होता. लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर उघडी असते. म्हणून त्या दिवशी सहा आसनी गाडीने सकाळी कुतुब, दुपारी खोलीवर, उन्हं कलल्यावर हुमायूनची कबर. एक गोष्ट मात्र निसटली. सोमवारी संध्याकाळी लाजपत नगरच्या सेंट्रल मार्केटात खरेदी ठेवली होती आणि ते मार्केटही सोमवारीच बंद असतं. स्मारकांचे वार तपासले, बाजाराचा तपासला नाही.

मंगळवारी मेट्रोने लाल किल्ला, तिथून जामा मशीद. चांदनी चौकात आजी गेल्या नाहीत. सून त्यांना घेऊन दुपारी मेट्रोने परत आली, बाबा मुलांना घेऊन संध्याकाळपर्यंत फिरले. गट असा मधेच फोडता येणं हा एकाच गाडीच्या मार्गावर राहण्याचा मोठा फायदा. यादीत तो आधी कोणी लिहिलाच नव्हता.

बुधवारी सकाळी लोटस टेंपल, परतीच्या वाटेवर लाजपत नगरला उतरून जेवण आणि विश्रांती, मग मंडी हाउसला बदलून अक्षरधाम. तिथे मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, जमा करायची रांग मोठी. बहुतेक सामान खोलीवरच ठेवल्यामुळे एकच मोबाइल जमा करावा लागला.

त्याच रात्री गडबड झाली. अक्षरधामहून उशीर झाला म्हणून टॅक्सीने आले आणि पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. दिल्लीतल्या अनेक राहत्या वसाहतींचे लोखंडी गेट रात्री बंद होतात आणि एखाद-दुसरंच उघडं राहतं. नकाशाने बंद गेटवर आणून सोडलं, चालक वळसा घालायला तयार होईना, आणि आजी थंडीत अर्धा किलोमीटर दोनदा टेकत चालल्या. ‘रात्री शांत’ असलेल्या वस्तीचा हा दुसरा चेहरा.

वेगळं काय करता आलं असतं

रात्री कोणतं गेट उघडं असतं, हे खोली ताब्यात घेतानाच विचारून त्या गेटचं ठिकाण मोबाइलच्या नकाशावर जतन करायला हवं होतं. टॅक्सी मागवताना हॉटेलचं नाव टाकण्याऐवजी ते गेट टाकायचं.

दोन खोल्यांऐवजी चार जणांची एक मोठी खोली आणि जादा गादी, असा पर्याय तपासलाच गेला नाही. ज्या गेस्टहाउसांत ती असते तिथे दोन खोल्यांच्या एकत्रित दरापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. एका बाथरूमवर पाच जण ही तिची अडचण. सकाळी लवकर निघायचं असेल तर ती मोठी आहे.

हीच सहल गुरुवारी सुरू झाली असती तर सोमवार परतीच्या दिवसावर आला असता आणि सगळा क्रम मोकळा झाला असता. रेल्वेचं तिकीट आधी, बंद वार नंतर, असं झालं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा हॉटेलचा विचारही सुरू नसतो. पण बंद वारांची यादी काढायला पाच मिनिटं लागतात आणि ती तिकीट काढण्याआधी हातात असायला हवी.

आजी नसत्या आणि चौघंच असते तर करोल बागेचा पर्याय तितकाच चालला असता. चार माणसं साध्या टॅक्सीत बसतात, स्थानकात बदलताना चालण्याचा त्रास नसतो आणि दर थोडा खाली येतो. फक्त दोघंच असतील तर जनपथजवळची एक छोटी खोलीही परवडू शकते. पाचवा माणूस आणि आजींचे गुडघे, या दोन गोष्टींनी हे हॉटेल ठरवलं; याच यादीवर दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर वेगळं येईल.